जुगार सुटला, आता संध्याकाळचं काय?



आजचं चिंतन : गीता, अध्याय 2, श्लोक 59.

भगवान इथे एक साधी गोष्ट सांगतात. माणसाने विषयांचा उपास धरला की विषय दूर होतात, पण त्यांची गोडी आत तशीच राहते. ती गोडी जाते ती त्याहून मोठं काही दिसल्यावरच. माउली इथे झाडाचा दाखला देतात. वरची पालवी खुडत राहायचं आणि मुळाला मात्र पाणी घालत राहायचं, मग झाड मरणार कसं?

हा श्लोक मी इंजिनिअरिंगला असल्यापासून वाचतोय. कळला मात्र 2025 च्या सप्टेंबरात.

हे मी इथे आधी कधी लिहिलं नव्हतं. तीन वर्षं मी मोबाईलवर पैसे लावून रमी खेळत होतो. आयपीएल सुरू झाली की सामन्यांवरही लावायचो. शेवटी हिशेब बायकोने काढला, 4 लाख 60 हजार. तिच्या पाटल्या गहाण ठेवल्यात हे तिला मी सांगितलं नाही. पावती तिलाच कपाटात सापडली.

मग 22 ऑगस्ट 2025 ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावायचे अ‍ॅप एकेक करून बंद पडले. मला जे जमलं नव्हतं ते संसदेने केलं. पाचच दिवसांत गणपती आले. मंडप, वर्गणी, आरती, पाहुणे. दहा दिवस कसे गेले कळलं नाही. मी सगळ्यांना सांगत होतो, सुटलं एकदाचं.

6 तारखेला विसर्जन झालं. 7 तारखेला संध्याकाळी कामतघरला वऱ्हाळादेवी तलावाच्या काठी बसलो होतो, आणि अंगठा आपोआप स्क्रीनवर त्याच कोपऱ्यात जात होता जिथे ते अ‍ॅप असायचं. अ‍ॅप नव्हतं. गोडी होती.

त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. आई आत जपाला बसलेली, मी गॅलरीत मोबाईल घेऊन. खरं सांगतो, मी चंद्र बघत नव्हतो. एका परदेशी साइटची लिंक शोधून काढली होती आणि पैसे भरायच्या पानापर्यंत पोचलो होतो. दीड वाजत आला असेल. आतून आईची हाक आली, "अरे, ग्रहण सुटलं. जागा आहेस ना? आंघोळीला दोन बादल्या पाणी काढून दे बाबा."

मी फोन खाली ठेवला आणि पाणी काढून दिलं. तिची आंघोळ झाली, तिने देवापुढे दिवा लावला, मला म्हणाली, झोप आता. आणि मी झोपलो.

त्या रात्री मला श्लोक आठवला नव्हता. मनोनिग्रह वगैरे काही नव्हतं. दोन बादल्या पाण्याने वाचवलं. यावर मी पुढे कित्येक दिवस विचार करत होतो.

आधी मी चुकीचा निष्कर्ष काढला. मला वाटलं, प्रश्न रिकाम्या वेळेचा आहे, वेळ भरला की झालं. म्हणून ऑफिसातल्या एकाचं बघून शेअर बाजारात ऑप्शन्स सुरू केले. "हा जुगार नाही, अभ्यास आहे," असं बायकोला समजावलं. सेबीने 2024 च्या सप्टेंबरात आकडा दिला होता की तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य लोकांपैकी 100 तले 93 तोट्यात गेले. मी तो आकडा वाचला होता, आणि मी उरलेल्या सातांतला आहे असं मला वाटत होतं. जुगाऱ्याला नेमकं हेच वाटत असतं. पंधरा दिवसांत बंद केलं, कारण छातीतली ती धडधड मला ओळखीची वाटली.

मग जपाचं अ‍ॅप घेतलं. रोजचा आकडा, सलग किती दिवस, मित्रांमध्ये कितवा नंबर. महिनाभराने लक्षात आलं, मी नाम घेत नव्हतो, स्कोअर करत होतो. एक दिवस चुकला तर जीव खालीवर व्हायचा, आणि मनात तर सौदाच चालू होता, देवा, इतका लाख जप करतो, तू माझं कर्ज फेड. पालवी बदलली होती, मुळाला पाणी तेच.

मग गोडी नक्की कशाची होती? आपल्या भिवंडीत हे समजायला फार लांब जायला नको. गाव यंत्रमागाचं, आणि मटक्याची सुरुवातही कापसापासूनच झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव मुंबईत यायचे, त्यावर लोक पैसे लावायचे. 1960 च्या दशकात ते भाव येणं थांबलं, तर लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. कापूस गेला, भाव गेला, आकडा राहिला. लोकांना कापसाशी कधी देणंघेणं नव्हतंच. त्यांना हवं होतं ते 'ओपन' आणि 'क्लोज' यांच्या मधलं वाट बघणं. दिवसभर मागाचा तोच खडखडाट ऐकणाऱ्या माणसाला आज काहीतरी होणार आहे, ही भावना पैशापेक्षा मोठी वाटत असणार. दिवसभर तीच कोडची फाईल उघडून बसणाऱ्या मलाही वाटत होती.

याच काळात ऋग्वेदातलं जुगाऱ्याचं सूक्त वाचलं. दहावं मंडल, 34 वं सूक्त. हजारो वर्षांपूर्वीचा माणूस, पण गोष्ट आपलीच. बायको दुरावली, सासू तिटकारा करते, कुणी उसने देत नाही, घरचे ओळख दाखवत नाहीत. रोज ठरवतो की आज जायचं नाही, आणि फाशांचा आवाज आला की धावतो. शेवटी सविता देव त्याला समजावतो. फासे सोड एवढं म्हणून तो थांबत नाही, त्याच श्वासात शेती करायला सांगतो, आहे त्यात समाधान मानायला सांगतो, आणि तिथे तुझ्या गाई आहेत, तिथे तुझी बायको आहे, याची आठवण देतो.

मी अडलो तो इथे. देव त्याला करमणूक सुचवत नाही, छंद लावून घे म्हणत नाही. शेत का?

शेतकऱ्यालाही वाट बघावी लागते आणि पावसाचा भरवसा त्यालाही नसतोच. पण पेरलंच नाही तर वाट बघण्याचा हक्कच नाही. आज पेरून रात्रीत कापता येत नाही. आणि गाईला रोज ठरल्या वेळी पाणी लागतं, तुमचा मूड असो वा नसो. जुगारात मी निकालाची वाट बघत बसायचो. गोठ्यात गाय माझी वाट बघत असते. त्या रात्रीच्या दोन बादल्यांचा अर्थ मला इथे लागला.

आता माझ्याकडे शेत नाही. वन बीएचके आहे आणि हप्ते आहेत. पण गीतेचा तेरावा अध्याय उघडा, तिथे भगवान या शरीरालाच क्षेत्र म्हणतात, म्हणजे शेत. मग सातबारा नसला तरी शेत आहेच. प्रश्न एवढाच की त्यात रोज कुठलं काम करायचं.

म्हणून नवीन काही हातात घेताना मी दोन गोष्टी विचारतो. याचं फळ नशिबाने लगेच मिळतं का? मिळत असेल तर लांब राहायचं. आणि मी नाही गेलो तर कुणाची तरी गैरसोय होते का? होत असेल तर ते काम धरायचं.

त्यातून उरलं ते असं. संध्याकाळी साडेसातला गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात हरिपाठ. मला टाळ दिलेत. पहिला महिना माझा ठेका रोज चुकायचा, कारण मी मनात मोजत होतो. पुढे उभे राहणारे काका एकदा म्हणाले, "अरे इंजिनिअर, मोजतोस कशाला? शेजारच्याचं ऐक." ते जमायला फार दिवस लागले. तिथे नंबर नाही, पण मी गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी विचारतात. घरी आलो की रात्रीची भांडी माझी. साडेनऊला आईचं बीपी बघून गोळी द्यायची आणि वहीत लिहायचं. शनिवारी शेजारच्या मुलाला दहावीचं गणित. तो अजून बीजगणितात अडतो, मी अजून चिडतो.

हे सगळं फार रंगतदार आहे का? नाही. भांडी घासताना छातीत धडधड होत नाही. सुरुवातीला याच गोष्टीचा मला राग यायचा. हल्ली कधीकधी शेवटचं पातेलं पालथं घालताना आत एक शांतपणा येतो आणि लगेच जातोही. श्लोकात म्हटलेलं मोठं दर्शन मला झालेलं नाही, ते मी सांगणारही नाही. पण गोडीची जागा बदलू शकते, एवढं मी बघितलंय.

हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की टाळ वाजवून कर्ज फिटत नाही. पगार आता बायकोच्या खात्यात जातो, हे मीच सुचवलं. दर महिन्याला समुपदेशकाकडे जातो. तुमच्यापैकी कुणी याच वळणावर असेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. देवाजवळ बोलणं आणि माणसाजवळ बोलणं यात निवड करावी लागत नाही.

पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. बायको त्याबद्दल बोलत नाही, आणि ती बोलत नाही हे मला रोज ऐकू येतं. वचनं मी पूर्वी फार दिली. आता भांडी घासतो.

आजचा संकल्प : तुमची सगळ्यात कठीण वेळ कुठली, ती घड्याळात शोधा. आणि नेमक्या त्या वेळी कुणाला तुमचं एखादं छोटं काम लागतं का, ते घरात विचारा. लागतंच.

राम कृष्ण हरी.