अवकाळी पाऊस आणि गोवर्धनाखालची माणसं



आजचे वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २५.
सोमवार, १ मे २०२३, मोहिनी एकादशी.

शनिवार, रविवार आणि आज महाराष्ट्र दिन, अशा तीन सुट्ट्या जोडून आल्या. त्यात एकादशी. एरवी वैशाखात आपल्या गोरेगावात दुपारी अंगणात पाय ठेववत नाही, यंदा रात्री गोधड्या काढाव्या लागल्या. कूलर गप्प आहेत. दिवस कलला की आभाळ भरतं आणि वादळवारं सुटतं. नर्सीला नामदेव महाराजांच्या दर्शनाला निघालेले पावसाची उघडीप बघत बसले, आणि ज्यांची शिजवलेली हळद अजून वाळायची आहे ते ताडपत्रीचं टोक धरून बसले. हळद एकदा भिजली की रंग गेला, आणि रंग गेला की भाव गेला. हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

आणि वाचनात नेमका आज हाच अध्याय आला. गोकुळावर जो पाऊस कोसळला तो श्रावणातला नव्हता बरं का. ऋतू नसताना आलेला, सोसाट्याचा वारा आणि गारा घेऊन आलेला पाऊस, असंच व्यासांनी त्याचं वर्णन केलं आहे. म्हणजे आपला अवकाळीच की!

अवकाळी आला की पारावर कुणीतरी म्हणतंच, पाप वाढलं, देव कोपला. पण अध्याय नीट वाचा. कोपला कोण? इंद्र. यज्ञ बंद केला म्हणून त्याचा मान दुखावला आणि त्यानं ढगांना गोपांची गुरं मारायला पाठवलं. कृष्णानं तर आदल्याच अध्यायात सांगून ठेवलं होतं, ढग आपल्या गुणानं पडतात, त्यात इंद्र काय करणार? पुढं सत्ताविसाव्या अध्यायात तोच इंद्र मान खाली घालून येतो. तेव्हा ज्याचं पीक गेलं त्याला तुझंच पाप आडवं आलं म्हणणं, ही इंद्राची बाजू झाली. भागवत त्या बाजूला नाही.

आता अवघड गोष्ट. ९ एप्रिलला, रविवारी, अकोला जिल्ह्यातल्या पारसला बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळ आलं, माणसं टिनाच्या शेडखाली गेली आणि जुनं लिंबाचं झाड त्या शेडवर कोसळलं. सात जण गेले. देवाच्या दारात, आसऱ्याला गेलेली माणसं. तिथं गोवर्धन कुठं होता, असं कुणी विचारलं तर मी गप्प राहतो. या प्रश्नाला जो पटकन उत्तर देतो त्याच्या कीर्तनाला मी दुसऱ्यांदा बसत नाही.

मात्र या अध्यायातलं एक वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही. डोंगर उचलल्यावर कृष्ण सगळ्यांना आत बोलावतो आणि म्हणतो, माझ्या हातून हा पडेल अशी भीती बाळगू नका. म्हणजे भीती होती! एवढा डोंगर डोक्यावर, खाली बायका-पोरं, भीती वाटणारच. देवानं त्यांना अविश्वासी म्हटलं नाही. त्यांच्या भीतीला त्यानं उत्तर दिलं आणि सात दिवस जागचा हलला नाही. सप्ताहाच्या मंडपात बसताना वर काय आहे, कुठली फांदी वाळली आहे, पत्रा कशावर टेकला आहे, हे बघणाऱ्याला आपल्याकडे लगेच भित्रा म्हणतात. का म्हणायचं?

गोपांनी डोंगराला काठ्या लावल्या हे भागवतात नाही, ती लोकांनी घातलेली भर आहे. मला ती फार आवडते. आपल्या लोकांना कळलं होतं की वर देवाचं बोट असलं तरी खाली आपली काठी लागते.

आणखी एक. आत कोण कोण गेलं? गुरं आणि चीजवस्तू तर गेलीच, पण त्यांच्यावर पोट असलेले सगळे गेले. आपल्याकडचे सालगडीच म्हणा. त्या सात दिवसांत बाहेर कुणी राखणीला ठेवलं नव्हतं. आज रात्री विजा सुरू झाल्या तर आखाड्यावर, हळदीच्या ढिगापाशी, झाडाखाली कोण झोपलेलं असेल? मालक घरात आणि गडी लिंबाखाली, असं असेल तर त्याला आत्ताच फोन करा. हळद भिजली तर भिजू द्या. मोबाइलमध्ये दामिनी ॲप घेऊन ठेवा, पुण्याच्या हवामान संस्थेनं केलेलं आहे, जवळपास वीज पडायचा धोका असेल तर आधी कळतं.

आज संध्याकाळचा हरिपाठ मांडवात घेऊ नये, पक्क्या छताखाली घ्यावा, असं मला वाटतं. दाटी होईल, होऊ द्या.

उद्या सव्विसावा अध्याय. पाऊस थांबलाय आणि गोप नंदबाबांना विचारतायत, हा तुमचा पोरगा आहे तरी कोण?

राम कृष्ण हरि.