यंत्राची साक्ष
ध्वनिमुद्रित आवाज वक्त्याच्या अनुपस्थितीतच ऐकायचा असतो. कोल्हापुरात निर्माण झालेल्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात दुर्गा खोटे यांचा आवाज त्यांच्या निधनानंतरही (१९९१) ऐकू येतो. त्याला कोणी भुताटकी म्हणत नाही, कारण त्याचे उगमस्थान ठाऊक असते. समजा, एखादा शोधक कोल्हापूरलगतच्या कळंबा तलावाकाठी रात्रभर टेपरेकॉर्डर ठेवतो. बेडूक, दूरची वाहने, फितीची खरखर यांचे उगम अज्ञात ठरवूनच त्यांतून त्याला शब्द काढता येतात. स्वीडनमध्ये १९५९ साली फ्रीड्रिश युर्गेन्सन यांना पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रणात मानवी आवाज आढळले. पुढे कॉन्स्टंटीन राउडिव्ह यांच्या फितींतील मृतात्मे एकाच वाक्यात अनेक भाषांची सरमिसळ करू लागले, आणि त्या बहुतांशी राउडिव्ह यांना अवगत असलेल्याच भाषा होत्या! संहिता श्रोत्याची, यंत्राचा फक्त वस्तुनिष्ठतेचा शिक्का.

प्रश्न केवळ ज्ञानमीमांसेचा नाही. ‘हा तुमच्या मुलाचा आवाज’ असे आधी सांगून खरखर ऐकवली, तर शोकाकुल आईला तो ऐकू येण्याचीच शक्यता अधिक. मग तिची व्याकुळताच पुरावा म्हणून नोंदली जाते. शब्द न सुचवता तीच फीत परक्या श्रोत्यांना ऐकवावी, ही किमान अट. त्या सर्वांनी एकच शब्द ऐकला, तरी तो कोणी उच्चारला हे ठरायचे राहतेच.