हात कोणाचा, निर्णय कोणाचा?

सियाचीनच्या चौकीत जवानाच्या फुप्फुसांत पाणी साचू लागते, तेव्हा जवळ डॉक्टर असेलच असे नाही. असतो तो नर्सिंग असिस्टंट. डिसेंबर २०१८ मध्ये इस्रो आणि संरक्षण दलांच्या वैद्यकीय विभागात टेलिमेडिसिन केंद्रांचा करार झाला, त्यात सियाचीनही होते. दूरचा तज्ज्ञ आता पडद्यावर नाडी, ऑक्सिजन पाहू शकतो. मग उपचाराचा कर्ता कोण? गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे मोजतो: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा, दैव. सोपे उत्तर असे, की तज्ज्ञ कर्ता आणि असिस्टंट नुसते करण, म्हणजे साधन. मला ते पटत नाही. ओठांची निळाई, श्वासातली घरघर, भरकटलेले बोलणे, यांतले काय सांगायचे हे असिस्टंटच ठरवतो. तज्ज्ञाला कळते ते बरेचसे त्याने निवडलेले.

अर्धवट ज्ञान असलेल्याला कर्तेपण देणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ, असा आक्षेप येईल. भीती खरी आहे. पण हिमवादळात संपर्क तुटला (दैवही मोजलेलेच आहे!) की ऑक्सिजन लावून जवानाला खाली उतरवायचे की थांबायचे, हे साधन ठरवू शकत नाही. म्हणून असिस्टंटच्या प्रशिक्षणात टेलिमेडिसिन यंत्राची बटणे लवकर उरकावीत आणि उरलेला बराच वेळ यंत्र बंद ठेवून निर्णय घ्यायला शिकवावे.