पाटाचं पाणी आणि गीतेतला चोर



आज चिंतनाला गीतेचा तिसरा अध्याय, श्लोक १२. काल आपण १० आणि ११ पाहिले. प्रजापतीनं माणसं आणि यज्ञ एकदमच निर्माण केले आणि सांगितलं, तुम्ही देवांना जपा, देव तुम्हाला जपतील. आज भगवंत त्याच्या पुढचं सांगतात. देवांनी दिलेलं जो एकटाच भोगतो आणि परत काही देत नाही, तो चोर. मूळ श्लोकात शब्द आहे 'स्तेन'.

हा शब्द मला दर वेळी अडवतो. कृतघ्न म्हणता आलं असतं, आपमतलबी म्हणता आलं असतं. थेट चोर कशाला? चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू उचलणं. आभाळातून पडलेलं पाणी मी माझ्या शेतात घेतलं तर त्यात मी कोणाचं घर फोडलं?

दोनच श्लोक पुढे गेलं की उत्तराची दिशा दिसते. अन्नापासून जीव, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस, आणि कर्मापासून यज्ञ. मग १६ व्या श्लोकात त्याला चक्र म्हटलंय. फिरणारं चाक. तिजोरीतल्या सोन्याला मालक असतो. जे फिरतंय, वाहतंय, त्यात प्रत्येकाची पाळी असते. आपली पाळी संपल्यावरही जो हात काढत नाही, तो पुढच्याची पाळी खातो. भगवंतांचा चोर हा आहे.

'यज्ञ' म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर होमकुंड आणि तुपाची धार येते. ज्ञानेश्वर महाराज मात्र इथं स्वधर्मालाच रोजचा यज्ञ म्हणतात. म्हणजे रोजचं काम, ज्याच्या-त्याच्या वाट्याचं. हे शहरात बसून नीट कळत नाही. मला ते कळलं आमच्या खान्देशातल्या फडांवरून, म्हणून आज थोडं तिकडचं सांगतो.

माझं गाव नरडाणा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे. मुंबई-आग्रा हायवेनं धुळ्याहून शिरपूरकडे जाताना सोनगीरच्या पुढे लागतं. सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशनही आहे. तालुका कायमचा अवर्षणप्रवण. उत्तरेला तापी आहे, पण ती खोल वाहते, तिचं पाणी वर चढवायला वीज लागते. दुसरी नदी पांझरा. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला उगम पावते, धुळे शहरातून जाते आणि मुडावदला कपिलेश्वराच्या देवळापाशी तापीला मिळते. त्या देवळापाशी उभं राहिलं की समोर जे पाणी दिसतं ते वरच्या सगळ्यांचं घेऊन उरलेलं असतं. गीतेच्या १३ व्या श्लोकात यज्ञातून उरलेलं खाणाऱ्यांचं कौतुक आहे, ते मला तिथं आठवतं.

या पांझरेवर, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम या नद्यांवर, तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. रचना साधी आहे. नदीवर दगडी बंधारा. बंधाऱ्यातून निघणारा पाट. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे सारंग. जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला सांडम. पंप नाही, मोटार नाही, पाणी उतारानं जातं. एका बंधाऱ्यावरून सांडलेलं पाणी खालच्या गावच्या बंधाऱ्याला मिळतं.

खरी गंमत दगडांत नाही, वाटपात आहे. बंधाऱ्याखालची सगळी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली असते. तो प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. दर वर्षी शेतकरी एकत्र बसतात आणि पाण्याचा अंदाज घेऊन ठरवतात, यंदा कोणत्या फडात काय. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात एखादं हंगामी पीक. एका फडात एकच पीक, मग शेत कोणाचंही असो. पुढच्या वर्षी फेरपालट.

मी इंजिनिअर असल्यामुळे मला या 'एका फडात एकच पीक' नियमाचं फार कौतुक वाटतं. बघा ना. सगळ्या फडात गहू असेल तर सगळ्यांना पाणी एकाच सुमारास लागतं आणि सारखंच लागतं. मधेच कोणी ऊस लावून 'माझं पीक जळतंय, मला जास्त द्या' असं म्हणूच शकत नाही. म्हणजे भांडण मिटवायला पंच बसवण्याआधी भांडणाचं कारणच काढून टाकलंय. आपण ऑफिसात ज्याला चांगलं डिझाइन म्हणतो ते हेच. ज्यांनी ते केलं त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत.

आणखी एक. शेतात पाणी द्यायचं काम शेतकरी स्वतः करत नाही. त्यासाठी पाटकरी नेमलेला असतो. तो ओळीनं एकेका शेताला पाणी देत जातो. पिकावर नजर ठेवायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार, आणि सगळ्यांवर पंच. पाटकऱ्याचा मोबदला पूर्वी धान्यात असायचा, सगळ्या शेतकऱ्यांकडून मिळून. त्यामुळे तो कोणा एकाचा माणूस नसायचा. पाटाचा गाळ काढायचं काम मात्र सगळ्यांचं.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात एक सुंदर उपमा आहे. माळी नेईल तिकडे पाणी मुकाट्यानं जातं, भक्तानं तसं व्हावं, असं माउली सांगतात. समर्पणाचं याहून सोपं चित्र मला माहीत नाही. पण पाटावर उभं राहून ही ओवी आठवली की तिची दुसरी बाजूही दिसते. पाणी मुकाट्यानं जातं, म्हणजे ते तक्रार करत नाही. चुकीच्या शेतात वळवलं तरी जातं. मग सगळा भार माळ्यावर येतो. पाण्याला विवेक नाही, तो ज्याच्या हातात फावडं आहे त्यानं ठेवायचा. आपण प्रत्येक जण कुठे ना कुठे पाणी असतो आणि कुठे ना कुठे माळी. भक्ती शिकताना पाणी व्हायचं, आणि वाटप करताना आपण माळी आहोत हे विसरायचं नाही.

पाण्याचा विषय निघाला की आपल्याकडे कीर्तनात नाथांची गोष्ट येतेच. काशीहून आणलेली गंगेची कावड नाथांनी तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. गोष्ट मोठीच आहे. पण मला वाटतं, फडातला प्रश्न वेगळा आहे आणि एका अर्थी रोजच्या जगण्यात जास्त अवघड आहे. गाढव नाथांच्या डोळ्यांसमोर होतं. समोर तडफडणारा जीव पाहून आपल्यासारख्यांचंही काळीज थोडं हलतं. पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याचं शेत आहे तो मात्र समोर नसतो. तो दोन मैल खाली आहे. वरच्यानं बांध जरा जास्त वेळ उघडा ठेवला, तर खालच्याचं पीक कधी वाळलं हे वरच्याला दिसतसुद्धा नाही. दिसत नसलेल्याबद्दल करुणा आपोआप येत नाही. तिथं पाळी ठरवावी लागते, लिहून ठेवावी लागते, आणि मनात आलं नाही तरी पाळावी लागते. म्हणून मला नियमसुद्धा भक्तीचाच भाग वाटतो.

कस लागतो तो कमी पावसाच्या वर्षी. भरपूर पाणी असताना सगळेच उदार असतात. पांझरेला पाणी कमी असेल तर काय करायचं? सोपा मार्ग असा की वरच्यांनी पोटभर घ्यायचं आणि टोकाच्यांनी नशिबाला दोष द्यायचा. बऱ्याच सरकारी कालव्यांवर अजूनही हेच होतं. फडात मात्र त्या वर्षी एखादा अख्खा फडच पडीक ठेवतात. शेतकऱ्याची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असायची, त्यामुळे एक फड पडीक राहिला की झळ थोडी थोडी सगळ्यांनाच बसायची. पाणी वाटणं समजण्यासारखं आहे. इथं तर तुटवाडासुद्धा वाटून घेतलाय.

महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ साली आला. त्यात नदीखोऱ्यातली टंचाई सगळ्यांनी समन्यायी पद्धतीनं वाटून घ्यावी असं तत्त्व आहे. गोदावरीच्या खोऱ्यात जायकवाडीसाठी वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली की दर वेळी मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या होतात, हे आपण बातम्यांत बघतोच. दोन्ही बाजूंना खरी गरज आहे, कोणी खलनायक नाही. फक्त पैठणचा शेतकरी नाशिकच्या शेतकऱ्याला दिसत नाही, आणि उलटही तसंच.

फडांना मी देव्हाऱ्यात बसवत नाहीये. त्यात एक मोठी उणीव होती. पाणी जमिनीमागे होतं. ज्याला जमीन नाही त्याला पाटावर मजुरी होती, वाटा नव्हता. या उणिवेवर बोट ठेवलं विलासराव साळुंखे यांनी. तेही व्यवसायानं इंजिनिअर. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला त्यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिथं हिशेब एकरावर नाही, माणसावर. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि उसाला बंदी. शेवटचा नियम ऐकून आजही कितीतरी लोक दचकतात. गीतेतल्या चक्रात 'जीव' हा शब्द आहे, 'सातबारा' नाही, एवढं लक्षात घेतलं की दचकायला होत नाही.

आज पांझरेवरचे बरेच फड मोडकळीला आलेत. विहिरी आल्या, मोटारी आल्या, मग बोअर आले. बोअरमधली गोची अशी की तिथं पाट दिसतच नाही. पाटावर चोरून फोडलेला बांध सकाळी गावभर दिसायचा. मी चारशे फूट खोल गेलो आणि शेजाऱ्याची विहीर आटली, तर चोरी झाली हे मला आणि त्याला दोघांनाही कळत नाही. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जमिनीखालचं पाणी किती खोल गेलंय ते तिथल्या कोणालाही विचारा. त्यांतले बहुतेक शेतकरी सज्जन आहेत, वारी करणारे आहेत. 'स्तेन' शब्द इथं पोचतो, म्हणून तो टोचतो.

आमच्या भागात आता नवं पाणी येऊ घातलंय. तापीवर सुलवाडे बॅरेज आहे. तिथून पाणी उचलून सोनगीरजवळच्या जामफळला न्यायची उपसा योजना, तिचं भूमिपूजन २०१९ मध्ये धुळ्यात झालं. नरडाण्याला एमआयडीसी आहे, तिलाही पाणी लागतं. गावांना प्यायला लागतं, शेतांना लागतं. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता, २०११ मध्ये तो बदलून शेती दुसरी केली. क्रम कागदावर बदलतो, पाइपातला व्हॉल्व्ह कोणाच्या हातात आहे यावर बाकीचं ठरतं. गावाकडे फोन झाला की सगळे विचारतात, पाणी कधी येणार? ते आल्यावर शेवटच्या चारीला कोणत्या दिवशी मिळणार आणि पाटकरी कोणाचा असणार, हे विचारणारे कमी. मला याची काळजी जास्त वाटते, कारण बंधारा, बॅरेज पैशानं बांधता येतं, पाळी पाळायची सवय पैशानं येत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहतो, आमचा कसला फड. आहे की. उन्हाळ्यात टँकर येतो तो तुमचा बंधारा. ओव्हरहेड टाकी हा पाट. सकाळी सहाला उठून दोन ड्रम भरून ठेवणारे हे वरच्या अंगाचे शेतकरी. उशिरा ड्युटीवरून येणारी नर्स, एकट्या राहणाऱ्या आजी ही पाटाची शेपटी. आणि गेटवरचा वॉचमन, घरकामाच्या मावशी हे आपले भूमिहीन. त्यांना मीटिंगमध्ये मत नसतं, मेंटेनन्सच्या एक्सेलमध्ये त्यांची ओळही नसते.

कॉम्प्युटर शिकलेल्यांना 'स्टार्व्हेशन' माहीत असेल. प्रोसेसरवर कामांची रांग असते. मोठ्या प्रायॉरिटीची कामं येतच राहिली तर खालच्या एखाद्याची पाळी कधीच येत नाही. सिस्टीम व्यवस्थित चालू दिसते, एरर येत नाही, फक्त एक जण उपाशी राहतो. त्यावर एक उपाय असा करतात की जो जितका जास्त वेळ थांबलाय, त्याची प्रायॉरिटी तितकी वाढवत न्यायची. सोसायटीत हे अगदी सहज करता येतं. मागच्या वेळी ज्यांच्या नळाला पाणी पोचलं नाही, त्यांच्या विंगचा व्हॉल्व्ह या वेळी आधी.

आजच्या श्लोकाचा अभ्यास म्हणून एकच करू या. आपल्या इमारतीत पाणी कोणत्या वेळी कोणाला सुटतं हे कुठे लिहिलेलं आहे का, ते बघा. नसेल तर या महिन्याच्या मीटिंगमध्ये लिहून घ्या, आणि वॉचमनच्या खोलीतल्या नळाची वेळही त्या कागदावर घाला. मग तो कागद लिफ्टशेजारी लावा, सगळ्यांना दिसेल असा.

उद्या श्लोक १३ घेऊ.

राम कृष्ण हरी.