दोन धर्मांचा वारस

यादवी युद्धांत तटस्थ राहणाऱ्याला आपण सहसा भ्याड म्हणतों. पण ज्याचा जन्मच दोन्ही तटांवर झाला आहे, त्यानें काय करावें? हा प्रश्न केवळ काल्पनिक नाहीं. लेबनॉनमध्यें १९७५ पासून १९९० पर्यंत चाललेल्या यादवींत तो अनेक तरुणांपुढें उभा राहिला.

त्या देशांत विवाह इत्यादि व्यवहार धर्मपंथांच्या स्वाधीन आहेत. राज्यानें मान्य केलेले असे पंथ १८ आहेत. अपत्याची नोंद बापाच्या पंथांत होते. त्या काळीं ओळखपत्रावर प्रत्येकाचा पंथ लिहिलेला असे. शांततेच्या दिवसांत तें एक सरकारी टिपण होतें. युद्ध पेटतांच तें जीवनमरणाचा निवाडा करूं लागलें. ६ डिसेंबर १९७५ रोजीं बैरूतमध्यें कताइब या ख्रिस्ती पक्षाच्या सशस्त्र लोकांनीं आपल्या चार तरुण अनुयायांच्या हत्येचा सूड म्हणून रस्ते अडविले आणि ओळखपत्रें पाहून मुसलमानांस वेंचून ठार केलें. पुढें हीच रीत दोन्ही पक्षांनीं गिरविली. आतां मॅरोनाइट आईच्या मांडीवर प्रार्थना शिकलेला, परंतु बापामुळें कागदोपत्रीं सुन्नी ठरलेला एक तरुण कल्पून पाहावा. त्या कागदावर त्याचें अर्धेंच घर लिहिलेलें असे, आणि नाक्यावरच्या बंदूकवाल्यास तेवढें पुरेसें होतें.

कोणी म्हणेल कीं, असें दुभंगलेलें मन हा दुबळेपणाच होय. त्यानें एकदां कौल द्यावा. महाभारतांत युयुत्सु कौरवांची बाजू सोडून पांडवांकडे गेला नाहीं काय? गेला खरा. पण त्यानें न्याय व अन्याय यांत निवड केली, आई व बाप यांत नव्हे. शिवाय युधिष्ठिरानें भर रणांगणांत हांक दिली आणि तो स्वेच्छेनें गेला. छातीवर बंदूक रोंखून विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर हा धर्माचा स्वीकारही नव्हे आणि त्यागही नव्हे. जीव वांचविण्यासाठीं त्या तरुणानें एकच नांव उच्चारिलें, तर त्यास खोटेपणाचा दोष कोण देईल?

खरी कसोटी त्यानंतर लागते. संशयिताला आपली निष्ठा सिद्ध करून दाखवावी लागते. आणि यादवींत निष्ठेचा सर्वांत स्वस्त पुरावा म्हणजे दुसऱ्या पक्षाचा द्वेष. ज्याच्या घरांतच दुसरा पक्ष आहे, त्याच्याकडून हा पुरावा अधिक निकडीनें मागितला जातो. तो देण्यासाठीं हा तरुण आपल्या मामाच्या वस्तीवर चालून गेला, तर त्यानें धर्म निवडला असें होत नाहीं. आईस नाकारिलें, एवढेंच होतें. निवड करणें हें पाप नव्हे; निवडीचा दाखला म्हणून द्वेष करणें हें पाप होय.

२००९ मध्यें लेबनॉनच्या गृहखात्यानें नागरिकांस सरकारी नोंदवहींतून पंथाचा उल्लेख काढून घेण्याची मुभा दिली. ही सुधारणा इष्टच आहे. तथापि रकाना कोरा झाल्यानें दोन वारसे पुसले जात नाहींत, आणि ते पुसूंही नयेत. बाजू घ्यावयाचीच झाली, तर ती कृत्यें पाहून घ्यावी, जन्म पाहून नव्हे. दोन धर्मांच्या वारसाला हें इतरांहून लवकर कळण्याजोगें असतें. कारण ज्याला शत्रु म्हणावयास सांगितलें जातें, त्याचा चेहरा त्यानें घरांत पाहिलेला असतो.