लिफ्टच्या आधी टायर

चि. भाच्यास,


सेकंडहँड का होईना, व्ही-क्रॉस पिकअप घेतलीस आणि तीही फोर बाय फोर, हे ताईनं सांगितलं. तू पाठवलेला गॅरेजवाल्याच्या कोटेशनचा फोटोही पाहिला. चार इंच लिफ्ट, मड टेरेन टायर आणि पुढं लोखंडी बंपर. त्यातला बंपर आजच खोडून टाक. अशा बुलबारवर कारवाई करा, असं केंद्रानं २०१७ सालीच राज्यांना कळवलंय. शिवाय धडकेचा जोर तो थेट चासीपर्यंत नेतो, एअरबॅगच्या सेन्सरचाही हिशेब बिघडवतो. उरलेल्या दोन गोष्टींवर मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण पैसा तिथंच जाणार आहे.

आधी गाडी कुठं चालणार ते पाहू. मे महिन्यात तुला ग्रामसभेच्या तेंदूपत्ता संकलनाच्या फळीवर जायचंय, धानोरा नि एटापल्लीकडं. पावसाळ्यात बियाणं आणि औषधं घेऊन भामरागडच्या बाजूला. मधल्या काळात चंद्रपूर, वरोरा, राजुरा. म्हणजे एकाच गाडीला तीन प्रकारची जमीन. मे महिन्यात तापलेला मुरूम, गिट्टी आणि बांबू तोडल्यावर उरलेले धारदार खुंट. जुलैत धानाच्या बांध्यांलगतचा गुडघाभर चिखल. आणि वरोरा-राजुऱ्याकडची रेगड, जी चाकाला एकदा चिकटली की सुटत नाही. वर्षभराचे किलोमीटर मोजशील तर निम्म्याहून जास्त डांबरावरच भरतील. हे शेवटचं वाक्य गॅरेजवाला तुला सांगणार नाही.

आता लिफ्ट. तुझ्या गाडीला पुढं डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागं पाटे. लिफ्टनं वर जाते ती चासी आणि बॉडी. मागचा एक्सल आणि त्याच्या मधोमध लटकणारा डिफरेन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. जड ट्रकांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यावर मधला उंचवटा घासतो तो याच गोळ्याला, आणि तिथं चार इंचांची लिफ्ट काही कामाची नाही. गोळा वर नेतो तो फक्त मोठा टायर. तुझ्या टायरवर २४५/७० आर १६ लिहिलेलं फोटोत दिसतंय. हिशेब कर: बाजूची भिंत २४५ च्या सत्तर टक्के, म्हणजे १७१.५ मिलिमीटर. ती दोनदा धरून रिमचे ४०६ मिळवले की चाकाचा व्यास साधारण ७४९. त्याच रिमवर २६५/७० चढवलास तर ७७७. फरक २८ मिलिमीटर, पण एक्सल उचलला जातो त्याच्या निम्मा, १४. बस्स, एवढंच. स्पीडोमीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी बासष्टच्या वर असेल, आणि फोर लोमधली ओढही त्याच प्रमाणात घटेल.

मग लिफ्ट निरुपयोगी का? तसं नाही. चढाला लागताना पुढचा बंपर टेकत नाही, मोठ्या टायरला वळताना जागा मिळते, आणि स्प्रिंग चांगली असेल तर चाक खड्ड्यात जास्त खाली उतरून जमिनीला धरून राहतं. हा शेवटचा फायदाच खरा. पण तो मिळतो स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरची जोडी नीट जुळवली तर. पुढं नुसता स्पेसर ठोकून गाडी उंच करणं स्वस्तात होतं, पण त्यात चाकाचा खालचा प्रवास वाढत नाही, उलट बॉल जॉइंट ताणलेले राहतात. दोन इंचांच्या पुढं गेलास की ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो. त्यावरचा रबरी बूट फाटला की धूळ आत शिरते आणि जॉइंट जातो. ब्रेकचे पाइप अपुरे पडतात, अलाइनमेंट बसत नाही म्हणून वरचे आर्मही बदलावे लागतात. चार इंचांचं कोटेशन म्हणजे पुढच्या चार कोटेशनांची सुरुवात.

मागं बरेच जण एक-दोन पाटे वाढवून घेतात. आपल्याकडचे बोलेरो पिकअपवाले हेच करतात, आणि त्यांच्यापुरतं ते बरोबर आहे, कारण त्यांची गाडी रिकामी क्वचितच धावते. तुझी मात्र भामरागडहून रिकामी परतणार. ताठ पाट्यांवर रिकामा डाला गिट्टीवर गरम तव्यावरच्या लाहीसारखा उडतो, आणि वळणावर मागची चाकं पकड सोडतात. पाटे वाढवले म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही, हेही ध्यानात ठेव.

कायदाही बघ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचना बदलू देत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलापोटी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच कलम पुढं करणार.

म्हणून माझं म्हणणं, पैसे आधी टायरवर घाल. मड टेरेनचे मोठे ठोकळे चिखल कापतात हे खरं, पण ओल्या डांबरावर ते ब्रेकला कमी दाद देतात, आणि आलापल्लीच्या सागवनातून पावसात जाताना समोर चितळ आलं तर ब्रेकच लागणार. रेगडीत तर त्यांचेही खाचे भरून चाक गुळगुळीत होतं. तिथं पाऊस पडला की ट्रॅक्टरवालासुद्धा ऊन पडायची वाट बघतो, तूही बघ. तुला ऑल टेरेन पुरे, फक्त एलटी (लाइट ट्रक) शिक्क्याचा, जाड भिंतीचा घे. बांबूचा खुंट टायरच्या तळव्यात नाही, भिंतीत घुसतो, आणि भिंतीतलं भोक पंक्चर किटनं बुजत नाही. माप मूळचंच ठेव. भलतं माप अहेरी-आलापल्लीच्या दुकानात मिळेलच असं धरू नकोस, आणि तिथून भामरागड अजून साठ-पासष्ट किलोमीटर. चार नको, पाच सारखे घे. स्टेपनी वेगळ्या व्यासाची असली तर फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केसवर ताण येतो. बरोबर हवेचा छोटा कॉम्प्रेसर आणि गेज ठेव. वैनगंगेच्या रेतीत किंवा चिखलात, गाडी रिकामी असताना, हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवलीस की टायर पसरतो आणि गाडी तरते. डांबराला लागण्याआधी मात्र पुन्हा भरायची. एवढ्यानं जे साधतं ते दोन इंचांच्या लिफ्टनं साधत नाही.

पर्लकोटा नदीबद्दल ताईनं मुद्दाम लिहायला सांगितलंय. भामरागडचा जुना ठेंगणा पूल बुडाला की गाव तुटतं, हे तुला ठाऊक आहे. उंच गाडीत बसलं की पाणी कमी वाटतं. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी ते बॉडीला उचलू लागतं, चाकावरचा भार हलका होतो आणि टायर कोणताही असो, पकड जाते. लिफ्टनं इंजिनाची हवा घेण्याची जागा थोडी वर जाते, पण प्रवाहाचा जोर कमी होत नाही. रपट्यावर पाणी वाहत असेल तर अलीकडच्या गावात मुक्काम कर. औषधं एक दिवस उशिरा पोचली तर मी तुझ्या वतीनं बोलणी खाईन.

आणि एक. जंगलात रस्ता सोडून चाक घालायचं नाही, मग ते ताडोबाच्या बफरमधलं असो की चपराळा अभयारण्याजवळचं. वनरक्षकाला तुझ्या टायरची किंमत सांगून उपयोग नाही.

आता एवढं कर. गाडीत नेहमीचा माल, डिझेल, तू आणि सोबतीचा माणूस, असं सगळं भरून धर्मकाट्यावर ने. आधी पुढची चाकं चढवून वजन घे, मग मागची. दोन्ही पावत्यांचे फोटो मला पाठव. मागच्या एक्सलवर खरंच भार जास्त निघाला तर एक पाटा आणि त्याला जुळणारे शॉक, एवढंच सुचवीन. तोवर गॅरेजवाल्याला बयाणा देऊ नकोस.

तुझा,
मामा