तीन तास

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अभ्यंगस्नान करतो, ते एका वधाची आठवण म्हणून. नरकासुराचा ‘वध’ झाला असे आपण म्हणतो. ‘खून’ झाला असे कोणी म्हणत नाही. सगळे जीव घेणे सारखे नव्हे, हे आपल्या भाषेला फार पूर्वी कळले आहे. कायद्यालाही ते कळते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने खुनाच्या व्याख्येला पाच अपवाद जोडले, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेनेही ते कायम ठेवले. त्यांतला पहिला असा : गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाने संयम सुटून कोणी जीव घेतला, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध. शिक्षा होते, पण फाशी टळते.

या अपवादाची खरी परीक्षा मुंबईत झाली. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर नानावटी यांना पत्नीने आपल्या परपुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यांनी पत्नीला व मुलांना सिनेमागृहात सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर व सहा गोळ्या घेतल्या, आणि प्रेम आहुजा यांचे घर गाठले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि जन्मठेप झाली. झटापटीत गोळ्या सुटल्या, हा बचाव टिकला नाही. उरला प्रश्न प्रक्षोभाचा. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला : दीड वाजता घर सोडले, चार वाजून वीस मिनिटांनी हत्या झाली. सावरायला जवळजवळ तीन तास मिळाले होते. पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. पण माफी वेगळी, न्याय वेगळा.

हे तीन तास मला स्वतःच्या अनुभवाने पटतात. तरुणपणी बांधावरून चुलतभावाशी वाद झाला, तेव्हा मी कुऱ्हाड घेऊन घरातून निघालो होतो. शेत दोन कोसांवर. वाटेत विहिरीवर एक म्हातारा मोट थांबवून म्हणाला, “अरे लेका, पाणी तरी पिऊन जा.” मी प्यालो, बसलो, आणि परत फिरलो. तसाच पुढे गेलो असतो, तर न्यायाधीशांनी मला एवढेच विचारले असते : दोन कोस चाललास ना? मग राग तुझ्या पायांना नेत होता, की तू रागाला नेत होतास?

पण काळ नेहमी राग निववतोच का? आमच्या संभाजीनगरच्या पाणचक्कीत पाणी वरून धो धो कोसळताना दिसते. ते मात्र कित्येक मैल जमिनीखालच्या नळांतून आलेले असते. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे की, मृताच्या आधीच्या वागण्याने मनाची जी भूमिका तयार झाली, तीही विचारात घ्यावी. इंग्लंडमध्ये किरणजित अहलुवालिया या स्त्रीने दहा वर्षे मार सोसला, आणि १९८९ मध्ये नवरा झोपला असताना त्याला पेटवून दिले. ती काही तास थांबली होती, म्हणून प्रक्षोभाचा बचाव चालला नाही. १९९२ मध्ये मनोविकाराच्या कारणावरून तिचा गुन्हा मनुष्यवधावर आला. बलवान माणूस रागाच्या भरात तिथल्या तिथे हात उगारतो. दुबळ्याला ते परवडत नाही. तो समोरचा झोपेपर्यंत वाट पाहतो. मग ‘आकस्मिक’ ही अट कोणाच्या सोयीची झाली? इंग्लंडने २००९ च्या कायद्याने ती काढून टाकली. आपल्याकडे ती अजून आहे.

मला वाटते, न्यायाने घड्याळ पाहावे, पण एवढ्यावर थांबू नये. त्या वेळात माणसाला परत फिरायला वाट होती का, हेही विचारावे. नानावटींना होती. मला विहिरीवरचा म्हातारा भेटला. दहा वर्षे कोंडलेल्या त्या बाईला कोण भेटले?

तो चुलतभाऊ दर दिवाळीला फराळाला येतो. बांध तिथेच आहे. थोडा त्याच्याच बाजूने सरकलेला.